गरोदरपणातला मधुमेह: पोटातल्या बाळापर्यंत काय पोहोचतं आणि रिपोर्ट आल्या दिवसापासून काय करायचं

माझ्या दुसऱ्या गरोदरपणात, २६व्या आठवड्यात, ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी काढलेली साखर १६४ आली. डॉक्टर मॅडमनी त्या आकड्याभोवती पेनाने गोल केला, "शुगर थोडी जास्त आहे, गोड बंद करा" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ओपीडीबाहेर बाकं भरलेली होती, त्यामुळे मीही काही विचारलं नाही. घरी येऊन चहातली साखर बंद केली आणि गूळ घालायला लागले.

त्या "थोडी जास्त"मध्ये माझे तीन आठवडे गेले. २९व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर दिवसांच्या मानाने दोन आठवडे पुढे निघाला. सासूबाई खूश झाल्या, बाळ गुटगुटीत आहे म्हणाल्या. मग आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पंधरा मिनिटं देऊन कागदावर चित्र काढून समजावलं, तेव्हा कळलं की ही बातमी आनंदाची नव्हती. त्यांनी जे सांगितलं आणि पुढच्या दहा आठवड्यांत मी जे शिकले, ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. औषधाचा डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

१. आधी हे समजून घ्या: बाळाकडे साखर जाते, तुमचं इन्सुलिन जात नाही

गरोदरपणात वारेतून जी संप्रेरकं निघतात, ती आईच्या इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या संप्रेरकाचं, काम अवघड करतात. बाळाला सतत अन्न मिळावं म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. बहुतेकींचं शरीर जास्त इन्सुलिन तयार करून निभावून नेतं, काहींचं कमी पडतं आणि साखर वाढते. घरात कुणाला मधुमेह असणं, आधीपासून वजन जास्त असणं, वय, मागच्या खेपेला मोठं बाळ झालेलं असणं यांनी शक्यता वाढते. पण यातलं काहीच नसलेल्या बायकांनाही होतो. तुम्ही काही चुकीचं खाल्लं म्हणून हे झालं, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

आता बाळाकडे वळू. आईच्या रक्तातली साखर वारेतून सरळ बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन वार ओलांडत नाही. म्हणजे जास्तीची साखर बाळाला मिळते, ती आवरायचं साधन मात्र मिळत नाही. मग बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड कामाला लागतं आणि गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन करतं. डेन्मार्कचे डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात ही गोष्ट मांडली आणि आजही उपचारांचा पाया तोच आहे. पुढचे बहुतेक त्रास बाळाच्या या जादा इन्सुलिनमधून येतात:

- इन्सुलिन हे वाढीचं आणि चरबी साठवण्याचंही संप्रेरक आहे. ही चरबी बाळाच्या खांद्यांवर आणि पोटावर जास्त साठते. डोकं नेहमीएवढं आणि खांदे रुंद, अशा बाळाचं डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकू शकतो. त्यात हाताच्या नसांना इजा होऊ शकते, कधी कॉलरचं हाडही मोडतं.
- फुप्फुसांना आतून मऊ, उघडं ठेवणारा द्रव तयार व्हायला उशीर होतो. म्हणून दिवस जवळजवळ भरलेल्या बाळालाही जन्मल्यावर धाप लागू शकते.
- बाळाला लघवी जास्त होते आणि गर्भजल वाढतं. पोट ताणलं गेल्याने कळा लवकर सुरू होऊ शकतात.
- जन्मानंतर नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, बाळाचं इन्सुलिन मात्र जोरातच असतं. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर खाली जाते.
- पोटात बाळाची प्राणवायूची गरज वाढते, म्हणून त्याचं शरीर तांबड्या पेशी जास्त करतं. जन्मानंतर त्या मोडताना कावीळ वाढते.

साखर बराच काळ खूप जास्त राहिली तर शेवटच्या आठवड्यांत बाळ पोटातच दगावण्याचा धोकाही वाढतो. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण तुम्हाला ते माहीत असायला हवं, कारण तपासण्या टाळू नयेत याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

एक भीती मात्र बहुतेकींनी काढून टाकावी. बाळाचे अवयव पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच घडतात. साखर पाचव्या-सहाव्या महिन्यात वाढली असेल तर तिच्यामुळे हृदयाला किंवा मणक्याला व्यंग होण्याची धास्ती सहसा नसते. पण अगदी पहिल्या तपासणीतच उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ किंवा जास्त आली, तर मधुमेह बहुधा गरोदरपणाआधीपासूनचा असतो. अशा वेळी १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी आणि बाळाच्या हृदयाची तपासणी चुकवू नका.

उपचारांचा उपयोग होतो का? होतो. ऑस्ट्रेलियात हजार गर्भवतींवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. उपचार न झालेल्या गटात बाळांना गंभीर त्रास ४ टक्के होता, उपचार घेतलेल्या गटात १ टक्का. मोठ्या वजनाची बाळंही २१ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली. रोज बोटाला टोचताना मी हा आकडा आठवायचे.

२. तपासणी वेळेवर आणि नीट करून घ्या

केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे प्रत्येक गर्भवतीची ही तपासणी दोनदा व्हायला हवी: पहिल्यांदा नाव नोंदवता तेव्हा, आणि ती चांगली आली तरी पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून ५ ते १० मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. यासाठी उपाशी यावं लागत नाही. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकाराने ही पद्धत आपल्याकडे रुजली. त्यांचा वाढदिवस, १० मार्च, देशात या आजाराचा जागृती दिन म्हणून पाळतात.

बरीच खासगी रुग्णालयं उपाशीपोटी, एक तास आणि दोन तास असं तीनदा रक्त घेतात. तिथे ९२, १८० आणि १५३ या मर्यादा असतात आणि एक जरी गाठली तरी निदान होतं. म्हणून मैत्रिणीच्या रिपोर्टशी आपला रिपोर्ट ताडून पाहू नका, पद्धत वेगळी असू शकते.

पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर लॅबवाल्यांना सांगा, तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी बाहेर जाऊन उलटी करून आली आणि संकोचाने गप्प बसली. तिचा रिपोर्ट नॉर्मल आला असेल तर त्यावर विसंबता येणार नाही. आणि त्या दोन तासांत फिरू नका, एका जागी बसा.

खर्चाची अडचण असेल तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंना विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते.

३. पहिल्या आठवड्यात एवढं जमवा

- माता-बाल संरक्षण कार्ड आणि आत्तापर्यंतचे सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये
- ग्लुकोमीटर, त्याच कंपनीच्या पट्ट्या, टोचायच्या सुया (पट्ट्यांच्या डबीवरची मुदत पाहून घ्या)
- आखलेली वही: तारीख, उपाशीपोटी, नाश्त्यानंतर, दुपारच्या जेवणानंतर, रात्रीच्या जेवणानंतर, आणि शेवटी रुंद रकाना "काय खाल्लं"
- पर्समध्ये ग्लुकोजची पुडी, पाण्याची बाटली
- आहारतज्ज्ञांची एक भेट

वही सर्वांत महत्त्वाची. नवीन डॉक्टर माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलले ते वही पाहूनच. "शुगर वाढते हो" म्हणालात तर "काळजी घ्या" एवढंच उत्तर मिळतं. आठ दिवसांचे बत्तीस आकडे समोर ठेवलेत तर त्यावरच बोलावं लागतं.

४. साखर मोजायला शिका

हात साबणाने धुऊन कोरडे करा. संत्रं सोलल्यावर हात न धुता मोजलं आणि मला १९० आकडा दिसला होता. हात धुऊन पुन्हा मोजलं तर ११२. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं.

जेवणानंतरची वेळ पहिल्या घासापासून मोजायची, हात धुतल्यापासून नाही. इथे खूपजणी चुकतात. साधारण लक्ष्य असं असतं: उपाशीपोटी ९५च्या आत, एक तासाने १४०च्या आत, दोन तासांनी १२०च्या आत. एक तास की दोन तास, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि रोज तेच पाळा.

आकडा जास्त आला तरी तोच लिहा. चांगला आकडा यावा म्हणून आदल्या रात्री न जेवणं, किंवा वाईट आकडा वहीत न लिहिणं, हा मोह होतो. पण वहीत काहीही लिहिलं तरी बाळाला खरी साखर मिळालेलीच असते.

५. ताट बदला, उपाशी राहू नका

घाबरून जेवण तोडणं हा सगळ्यात मोठा सापळा. मी दोन दिवस फक्त कोशिंबीर आणि ताक घेतलं आणि तिसऱ्या दिवशी चक्कर आली. लघवीत किटोन निघाले, म्हणजे शरीर उपाशी पडून चरबी जाळायला लागलं होतं. बाळाला साखर हवीच आहे, ती एकदम लोंढ्यासारखी येऊ नये एवढंच बघायचं. म्हणून तीन छोटी जेवणं आणि मधे दोन-तीन वेळा खाणं.

सकाळच्या वेळी इन्सुलिन सर्वांत कमी चालतं, म्हणून नाश्ता सर्वांत सांभाळायचा. ताटभर पोह्यांनंतर माझी दोन तासांची साखर १५८ यायची. वाटीभरच पोहे, त्यात मूठभर शेंगदाणे आणि सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ घेतली तर ११७. पदार्थ तोच ठेवला होता, फक्त प्रमाण आणि जोडीला डाळ-कडधान्य बदललं. तुमचे आकडे वेगळे येतील. म्हणूनच "काय खाल्लं" हा रकाना.

दुपारी एक ज्वारीची भाकरी किंवा दोन लहान फुलके, घट्ट आमटी, पालेभाजी, काकडी-टोमॅटो, दही. भात आवडत असेल तर तो अर्धी वाटी आणि त्या दिवशी भाकरी अर्धी. अंडी, मासे, चिकन खात असाल तर चालतात. संध्याकाळी भाजलेले चणे किंवा ताक, रात्री लवकर जेवण, झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात चाललात तरी आकडा खाली येतो. आधी डॉक्टरांना चालायची परवानगी आहे ना, ते विचारून घ्या.

आपल्या घरांतले सापळे वेगळेच असतात:

गूळ, मध, खडीसाखर ही साखरच आहे. "गूळ लोहासाठी चांगला" म्हणून दिला जातो, त्या लोहासाठी गोळ्या आहेत.

नाचणी चांगली, पण भाकरीच्या रूपात. गूळ घालून पातळ केलेलं नाचणी सत्त्व साखर झपाट्याने चढवतं.

संकष्टीला साबुदाणा खिचडी खाल्ली आणि माझी साखर १८२ झाली. साबुदाणा, रताळं, बटाटा, केळं हे सगळं एकाच ताटात येतं. मी सासूबाईंना वही दाखवली. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाप्पाला सांगते मी, तू बाळंत होईपर्यंत उपास माझ्याकडे." एवढं प्रेमाने माझ्याशी आधी कुणी बोललं नव्हतं.

दोन जीवांचं खायला हवं, हे वाक्य दिवसातून तीनदा ऐकू येईल. दोन जीवांचं सकस खायला हवं हे खरं, दुप्पट नाही. डोहाळजेवण मात्र जरूर करा. झाकलेल्या वाटीखाली पेढा निघो की बर्फी, कणभर जिभेवर ठेवा आणि बाकी करवलीला द्या.

६. इन्सुलिन लागलं तर

दोन आठवडे आहार नीट पाळूनही आकडे लक्ष्यात आले नाहीत तर औषध सुरू करतात. माझी जेवणानंतरची साखर बसली, उपाशीपोटीची १०२-१०४ वरून हलेना. उपाशीपोटीची साखर वारेच्या संप्रेरकांवर जास्त अवलंबून असते, आहाराने ती आटोक्यात येतेच असं नाही. रात्रीचं इन्सुलिन सुरू झाल्यावर चार दिवसांत ९१ आली.

"सुई लागली म्हणजे आजार बळावला" किंवा "एकदा लागली की कायमची" हे दोन्ही चूक. इन्सुलिन बाळाकडे जात नाही, म्हणून गरोदरपणात ते निर्धोक धरतात. मेटफॉर्मिनच्या गोळ्याही काहींना देतात. त्या वार ओलांडतात, म्हणून त्यांबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणी बोलून घ्या. आपल्या मनाने काही बंद करू नका.

एक धोका आपल्याकडे खास आहे. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, ४० आणि १००. लाल टोपणाची सिरिंज ४०च्या बाटलीसाठी, केशरी टोपणाची १००साठी. अदलाबदल झाली तर डोस अडीच पटीने चुकतो. औषधाच्या दुकानातून बाहेर पडण्याआधी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, पाहा. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्या.

हात थरथरले, घाम फुटला, धडधडलं तर साखर मोजा. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पेलाभर पाण्यात घालून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. इथे गोड खायला घाबरू नका.

७. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये काय पाहायचं

सगळेजण बाळाचं वजन विचारतात. तुम्ही पोटाचा घेरही विचारा. डोक्याचा घेर दिवसांप्रमाणे आणि पोटाचा बराच पुढे, असं असेल तर साखर बाळापर्यंत पोहोचते आहे. गर्भजलाचा निर्देशांक साधारण २५ सेंटिमीटरच्या पुढे गेला तर पाणी जास्त धरतात. सोनोग्राफीतलं वजन अंदाजाचं असतं, १०-१५ टक्के इकडेतिकडे होतं, त्यामुळे त्या एका आकड्यावर सिझेरियनचा निर्णय कुणी घाईने सांगत असेल तर शांतपणे कारण विचारा. सोबत रक्तदाब वाढलेला असेल तर उलट बाळ लहानही राहू शकतं, म्हणून "वजन कमी आहे, म्हणजे साखरेचा त्रास नाही" असंही नाही.

२८ आठवड्यांनंतर बाळाची हालचाल रोज एका ठरावीक वेळी, डाव्या कुशीवर पडून लक्ष देऊन पाहा. नेहमीपेक्षा कमी वाटली तर गोड खाऊन वाट बघत बसू नका, रात्र असली तरी निघा. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, पाणी जाणं, रक्त जाणं यालाही हेच. सरकारी सेवेत गर्भवतींसाठी १०२ आणि तातडीला १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे.

८. प्रसूतीआधी हे बोलून घ्या

घरी किंवा बाळांचे डॉक्टर नसलेल्या ठिकाणी बाळंत होण्याचा विचार करू नका. माहेरी जाणार असाल तर तिथल्या रुग्णालयात ३४ आठवड्यांच्या आतच फाइल घेऊन जाऊन या. विचारा: बाळाची साखर तपासायची सोय चोवीस तास आहे का? नवजात अतिदक्षता विभाग आहे, की दुसरीकडे न्यावं लागेल?

साखर ताब्यात असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर सहसा ३९ आठवड्यांपर्यंत थांबतात. लवकर प्रसूतीची शक्यता वाटली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यांनी आईची साखर काही दिवस चांगलीच वाढते. घाबरू नका, पण जास्त वेळा मोजा. कळा सुरू झाल्यावरही साखर मोजली जाते ना, इकडे सोबतच्या माणसाने लक्ष ठेवावं. त्या शेवटच्या तासांत आईची साखर जास्त राहिली तर जन्मल्यावर बाळाची जास्त घसरते.

९. बाळाचे पहिले दोन दिवस

माझी मुलगी ३८ आठवडे ५ दिवसांनी झाली, ३ किलो ४०० ग्रॅम. दोन तासांनी सिस्टरनी तिच्या टाचेला टोचून थेंब घेतला. ३९. साधारण ४५च्या खाली कमी धरतात. तिची हनुवटी बारीक थरथरत होती आणि ती रडायचीही थांबली होती. सिस्टरनी माझा चीक वाटीत पिळून घेतला, जेमतेम तळ झाकेल एवढा, पिवळाधमक. चमच्याच्या टोकाने थेंब थेंब तिच्या ओठांत सोडला, मग तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून शाल पांघरली. तासाभराने ५२.

म्हणून हे लक्षात ठेवा: जन्मल्यापासून तासाभरात पहिलं पाजणं, मग दर दोन-तीन तासांनी, झोपलं असलं तरी उठवून. बाळ अंगाशी उबदार ठेवा, गार पडलं की साखर आणखी घसरते. पहिला चीक "कच्चा" म्हणून काढून टाकू देऊ नका. मधाचं बोट, गूळपाणी, साखरपाणी कुणीही चाटवणार नाही, हे आधीच घरी स्पष्ट सांगा. मध तर वर्षभर नाहीच. पाजूनही साखर वर आली नाही तर डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देतात. बाळ सुस्त पडणं, ओढून न पिणं, थरथर, धाप, पिवळेपणा दिसला तर लगेच बोलावा.

१०. दीड महिन्याने तुमची तपासणी

प्रसूतीनंतर साखर बहुधा काही दिवसांतच उतरते आणि इन्सुलिन बंद होतं. इथे बहुतेकजणी फाइल कपाटात ठेवतात. पण हा त्रास झालेल्या बाईला पुढे टाईप २ मधुमेह होण्याची शक्यता सात ते दहा पट असते, आणि मुलालाही मोठेपणी वजन वाढणं आणि मधुमेह यांचा धोका जास्त राहतो. अंगावरचं दूध दोघांसाठीही उपयोगी आहे. डिंकाचे आणि अळीवाचे लाडू येतील तेव्हा रोज अर्धा पुरे.

सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची, या वेळी उपाशीपोटी जाऊन. दोन तासांची साखर १४०च्या खाली हवी. १४० ते १९९ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा जास्त असेल तर मधुमेह. चांगली आली तरी दरवर्षी एकदा, आणि पुढचं मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधी.

ही तारीख विसरू नये म्हणून मी ती बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्याच दिवशी ठेवली. सकाळी काही न खाता निघायचं, आधी तुमचं रक्त द्यायचं, ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि त्या दोन तासांत बसल्या जागी बाळाला पाजून घ्यायचं. लस सोबतच्या माणसाकडून देऊन घ्या. दुसऱ्यांदा रक्त दिलं की बरोबर नेलेला डबा उघडा.